हातखूण

सांगलीत बिऱ्हाड हलवायचं तर आता सामानाला आधी कमानीखालून जावं लागे. शहराबाहेरचा कचरा डेपो कायमचा बंद झाल्यापासून टाकाऊ म्हणून काही टाकायला जागाच उरली नव्हती. त्यामुळे कुणाचंही घर हलायचं ठरलं, की सकाळी सकाळी सोसायटीच्या फाटकात ही कमान उभी राही. जिन्याच्या तोंडापासून एक सरकता पट्टा निघे, कमानीखालून जाई आणि पुढं त्याला दोन फाटे फुटत. कमानीवर हिरवा दिवा लागला तर वस्तू घरच्या टेंपोत, पिवळा लागला तर शेजारच्या टेंपोत. हा शेजारचा टेंपो थेट वाटपगृहात जाई. तिथं तुमचं कपाट दुसऱ्या कुणाच्या संसाराला लागे, आणि जे कशाच्याच कामाचं नसे ते सुटं करून वितळवलं जाई.

मालकानं हट्ट धरला तर पिवळी वस्तूही परत घेता येत असे. पण शेजारीपाजारी गॅलरीतून बघत असताना, वर्षानुवर्षं हात न लावलेल्या डिनर सेटसाठी हट्ट धरायला माणूस निगरगट्टच असावा लागतो. 'हलकं घर स्थलांतर सेवा' हा सुकुमार आवटीचा व्यवसाय या लाजेवरच चालला होता, असं म्हटलं तरी चालेल.

काम मात्र त्याचं चोख होतं. थर्माकोल नाही, प्लास्टिकची चिकटपट्टी नाही. भांडी जुन्या गोधड्यांत गुंडाळायची, काचसामान उसाच्या चिपाडाच्या भुशात बसवायचं, खोकी बांबूची. नवं घर लागलं की गोधड्या, भुसा, खोकी सगळं परत आणून पुढच्या घराला वापरायचं. टेंपो बॅटरीवर चालणारे. आणि या सगळ्यावर फुकटचं प्रवचन. "वहिनी, ज्याला आपला हात लागत नाही ते आपलं नसतं," असं तो चारचौघांत म्हणे आणि वहिनी बिचाऱ्या खाली मान घालत. सुकुमारला त्या खाली गेलेल्या माना बघायला आवडत, हे खोटं कशाला बोला.

आज त्याचं स्वतःचंच बिऱ्हाड हलत होतं. मग थाट काय विचारता! सगळी सोसायटी खाली बोलावली होती, पेढे मागवले होते. मिरजेच्या डॉ. नसीम मुजावर यांनाही मुद्दाम आमंत्रण होतं, कारण कमान त्यांच्याच संशोधनातून निघाली होती.

सुकुमारचे वडील भूपालअण्णा फाटकाजवळच्या सावलीत आपल्या सेवाखुर्चीत बसले होते. सेवाखुर्ची म्हणजे नुसती बसायची खुर्ची नव्हे. तिचे मऊ यांत्रिक हात अण्णांना उठवत, आंघोळ घालत, कपडे चढवत, भरवत, दाढीसुद्धा करत. पाय गेल्यापासून अण्णांची काडीची आबाळ झालेली नव्हती. नवं घर जरा लहान होतं, म्हणून अण्णांची सोय 'सांजसावली' नावाच्या वृद्धनिवासात केली होती. दुपारी सामान लागलं की त्यांना तिकडं पोचवायचं होतं. अण्णांनी एवढंच विचारलं होतं, "तितं खिडकी हाय न्हवं?"

डॉक्टरबाई त्यांच्याशेजारी स्टुलावर येऊन बसल्या. अण्णांनी कमानीकडं हनुवटी केली.

"बाई, कशाला कुणी हात लावलाय, ह्येला कसं कळतं हो?"

"आपण वस्तूला हात लावला की कातडीवरचे जंतू तिच्यावर उतरतात," डॉक्टर म्हणाल्या. "रोगाचे नव्हेत, आपले रोजचे सोबती. दर माणसाचे वेगळे. ते हळूहळू मरत जातात. त्यातले जिवंत किती आणि मेलेले किती, हे कमान बघते. त्यावरून शेवटचा हात किती जुना ते कळतं. याला आम्ही हातखूण म्हणतो."

"आन् माठाला शेवाळ धरतंय, त्ये?"

"छान विचारलंत. मातीचे, लाकडाचे स्वतःचे अंगचे जंतू असतातच. ते सगळीकडं सारखे पसरलेले असतात, म्हणून ओळखू येतात. कमान ते वजा करते. उरतो तो फक्त दुसऱ्याचा हात. आणि आत्ता उचलणाऱ्यांचा ताजा हात ती धरत नाही, रुजलेलाच धरते."

अण्णा खूश झाले. त्यांची सगळी हयात शिलाईकामात गेली होती. गावातल्या निम्म्या पुरुषांच्या खांद्यावर त्यांनी टेप धरली होती. "आमी बी अंगाला हात लावूनच वळखायचो," ते म्हणाले. "सदरा कुटं ताणणार, त्ये."

पट्टा चालू झाला. पोळपाट हिरवा, गाद्या हिरव्या. व्यायामाचं यंत्र पिवळं निघालं तेव्हा सुकुमारनं स्वतःच कान पकडले आणि सगळे हसले. चांदीचा मुलामा दिलेला ट्रे पिवळा निघाला. बायको त्रिशलाचा चेहरा उतरला, पण तिनं हट्ट धरला नाही. टाळ्या पडल्या. सुकुमारला चांगलाच चेव आला.

शेवटी फाटकातून सेवाखुर्ची बाहेर काढायची राहिली. पट्ट्यामुळं बाजूनं वाट नव्हती.

"ठेवा अण्णांना पट्ट्यावरच," सुकुमार म्हणाला. "अण्णा, बसायचं का गाडीत?"

"आवटीसाहेब, नको," डॉक्टर उठल्या. "कमान माणसांसाठी केलेली नाही."

"अहो, काय होतंय? आमच्या घरातली सगळ्यात हिरवी वस्तू आहे ही!"

लोक हसले. अण्णाही हसले. खुर्ची कमानीखाली गेली आणि दिवा पिवळा लागला.

पट्ट्याला काय कळतंय! तो आपला नेहमीप्रमाणं दुसऱ्या टेंपोकडं वळला. त्या टेंपोत उभ्या असलेल्या हमाल दुंडाप्पानं सवयीनं सामान घ्यायला हात पुढं केले आणि तसाच थबकला. मागं कुणीतरी अजून हसत होतं. सुकुमारनं धावत जाऊन पट्टा बंद केला.

"बिघडलीय," तो म्हणाला. "जिवंत माणूस बसलाय, अंगभर जंतू असतील की!"

"ते त्यांचे स्वतःचे," डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाल्या. "ते वजा होतात."

"मग?"

"मग मागं काहीच उरलं नाही."

सुकुमार बोलायला लागला. कुणी विचारलं नव्हतं तरी बोलायला लागला. खुर्ची आंघोळीचं पाणी कसं बरोबर कोमट ठेवते, औषध कसं चुकत नाही, कपडे रोज कसे धुतले जातात. "आणि सणासुदीला आम्ही सगळे पाया पडतो!"

"लांबूनच पडतो," त्रिशला जमिनीकडं बघत म्हणाली. मागं साथ आली तेव्हा लागलेली सवय होती ती. साथ गेली, सवय राहिली.

"मशीनला कशाला बोल लावतोस, सुकुमार?" अण्णाच त्याला समजावू लागले. "आबाळ काय न्हाई माझी. न्हावी यायचा तवर गालाला हात लागायचा. आता खुर्ची करती दाढी. झकास करती, कुटं कापत न्हाई."

न्हाव्याला सुकुमारनंच बंद केलं होतं. म्हाताऱ्याला कशाला त्रास, म्हणून. घरात अण्णा आहेत, नीट आहेत, एवढं बघून तो रोज दारातूनच कामाला जात होता. त्याची कानशिलं तापली. पेढ्याचं ताट धरून उभी असलेली माणसं ताटाकडं बघत होती. त्याच्या प्रवचनाखाली मान घालणाऱ्या त्या सगळ्या बायांना काय वाटत असेल, ते त्याला आज पहिल्यांदा कळलं. आणि त्यांचं तर नुसतं भांडंकुंडं होतं.

"दुंडाप्पा, अण्णांना घरच्या टेंपोत घ्यायचं," तो म्हणाला. "निवास वगैरे काही नाही. अण्णा आमच्याबरोबर येतील."

कुणीतरी टाळी वाजवली. त्या टाळीनं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"डॉक्टर, मी आत्ता त्यांना हात लावला तर दिवा हिरवा होईल?"

"लगेच नाही. जंतू रुजायला वेळ लागतो. रोज लावावा लागेल."

सेवाखुर्ची टेंपोच्या पुढच्या भागात मावत नव्हती. अण्णांना उचलूनच सीटवर बसवावं लागणार होतं. दुंडाप्पा पुढं झाला, पण सुकुमारनं त्याला थांबवलं. पुरुषभर उंचीचा आरसा ओरखडा न उमटता चौथ्या मजल्यावरून उतरवणारा माणूस तो. आता बापाला नेमकं कुठं धरायचं, हे त्याला सुचेना. त्यानं एक हात अण्णांच्या काखेत घातला आणि दुसरा खांद्यावर ठेवला.

अण्णा केवढे तरी दचकले. सगळं अंग आकसून घेतलं, कोपर तोंडासमोर आणलं. मग तो आपलाच मुलगा आहे हे ध्यानात आलं आणि ते ओशाळले. आजूबाजूच्या माणसांकडं बघत त्यांनी कोपर खाली घेतलं आणि हळूच खांदा त्याच्या हाताखालून सोडवून घेतला.

"ऱ्हाऊ दे रे," ते म्हणाले. "खुर्ची घेती उचलून. तू कशाला उगा हात घाण करतोस?"