चौथी टाचणी

हे खरं घडलंय. माझ्या मावशीच्या बाबतीत घडलंय, आणि आमच्या घरात थापा मारायचं खातं माझ्या आईकडे आहे, मावशीकडे नाही.

मावशी शाळेत जीवशास्त्र शिकवते. तिची मुलगी तिच्याच वर्गात, नववीत. दिसेल त्या वस्तूला टिचकी मारून बघायची खोड, म्हणून तिचं नावच टिचकी.

भर दुपार होती. प्रयोगशाळेत लख्ख ऊन.

शाळेत बेडूक कापणं केव्हाच बंद झालं होतं. आता ऑगमेंटेड रिॲलिटी आली होती. टेबलावर छापील कार्ड ठेवायचं, वर टॅबलेट धरायचा, की पडद्यावर त्या कार्डावर बसलेला बेडूक दिसतो. बोटाने कापा, मिटवा, पुन्हा कापा. ना रक्त, ना वास.

त्या दिवशी पंख्याने कार्ड सारखं उडत होतं. मावशीने कपाटातून जुना मेणाचा ट्रे काढला. पूर्वी खरे बेडूक त्यातच टाचायचे. तिने कार्डाचे चारही कोपरे टाचण्यांनी मेणात रोवले.

"बाई, तो ट्रे नको," मदतनीस काका म्हणाले. "त्यात शेवटचा जो टाचला, तो पुरता बेशुद्ध झाला नव्हता."

"काका, इथे खरा बेडूक आहेच कुठे?" मावशी हसली.

टॅबलेट धरला. पडद्यावर बेडूक आला...

उताणा. चारही पाय टाचलेले.

मग तो ओरडला. टॅबलेटचा आवाज बंद होता.

"आई, बघू," म्हणत टिचकीने ट्रेमधल्या कार्डावर हात ठेवला.

बेडूक नाहीसा झाला. पडद्यावर आता टिचकीचा पंजा होता. त्यात आरपार चार टाचण्या.

"आई, हात उचलला जात नाहीये."

मावशीने टॅबलेट बाजूला करून पाहिलं. साध्या डोळ्यांना हात धडधाकट, एक ओरखडा नाही. तिने मनगट धरून ओढलं, तशी पोरगी किंचाळली.

पुन्हा पडद्यातून पाहिलं...

बोटांपासून मनगटाकडे कातडी चिरत चालली होती. सावकाश, सरळ रेषेत. चिरणारं कोणी दिसत नव्हतं.

जे पडद्यात दिसतंय ते पडद्यात बघूनच काढावं लागणार, एवढं मावशीला कळलं. तिने पहिली टाचणी उपसली. चिमटीत ती थंडगार लागली. टिचकीने हंबरडा फोडला. दुसरी उपसली. कातडी दोन्हीकडे फाकली, आतले स्नायू थरथरताना दिसले. तिसरी.

चौथीला हात घालणार, तोच टिचकीने जिवाच्या आकांताने हिसका दिला. टॅबलेट फरशीवर आपटून फुटला.

हात सुटला.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. सगळं शाबूत. मनाचा खेळ, म्हणाले. पण करंगळी वाकत नाही ती नाहीच.

काकांनी ट्रेमधलं मेण वितळवून गाळलं. उपसलेल्या तीन टाचण्या टेबलावर होत्या, चौथी मेणातही निघाली नाही.

टिचकी आता कशालाही हात लावत नाही. परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो. जेवताना ती हळूच म्हणाली, "आई, शाळेत नवा टॅबलेट आलाय ना? एकदा माझ्या हातावर धर. आता कोपराच्या वर दुखतंय."

मावशीने तिच्या ताटात आणखी भात वाढला.

टॅबलेट फुटला तेव्हा चिरणं थांबलं, की नुसतं दिसायचं थांबलं... हे बघायची तिची अजून हिंमत होत नाही.