बारावी माशी

लाइट येईपर्यंत ऐका. आली की तुम्ही परत मोबाइलमध्ये तोंड घालणार. गोष्ट हर्सूलच्या तात्यासाहेबांची आहे, आणि तात्यासाहेब काही खोटं बोलणारे नव्हेत. एकदाच बोलले. म्हणजे दोनदा, पण खोटं एकच.

बुधवार, तेवीस ऑक्टोबर २०१९. दिवाळीला चार दिवस होते. दुपारी तीनला तात्यासाहेब गाडी काढून देवगाव रंगारीकडं निघाले. काम साधं होतं. ओढ्यावर त्यांना नेणाऱ्या मुंजाबाची डबी त्याच्या बायकोला, सारजाबाईला, परत द्यायची.

तात्यासाहेब कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. तरुणपणी काश्मीरच्या ओढ्यांवर त्यांनी ट्राउट मासे धरले होते आणि ते वेड निवृत्तीनंतरही गेलं नाही. आपल्याकडं ट्राउट कुठला? पण कन्नडच्या डोंगरातून उतरणाऱ्या एका ओढ्यात चांगले चपळ मासे असतात. गांडूळ लावायचं नाही. गळाच्या आकड्यावर पीस आणि लोकर बांधून खोटी माशी करायची, ती पाण्यावर अलगद टाकायची, मासा धरायचा आणि सोडून द्यायचा. शहरातल्या हौशी लोकांना तिथं मुंजाबा घेऊन जायचा. घरच्या मेंढरांच्या लोकरीच्या माशा स्वतः बांधायचा आणि डबीत मोजून बारा ठेवायचा. गावातले म्हणायचे, सोडायचाच तर धरतो कशाला? मुंजाबा म्हणायचा, तुम्ही तरी रोज उठून काय करता?

पाहुण्याच्या डाव्या हाताला, एक पाऊल खालच्या अंगाला, तो पाण्यात उभा राहायचा. तात्यासाहेबांना बारीक दिसायचं नाही, म्हणून माशी तोच दोऱ्याला बांधायचा. गाठ आधी ओठांत धरून ओली करायची, मग आवळायची.

"कोरडी गाठ दगा देती, सर."

आदल्या वर्षी, अशाच एका संध्याकाळी, तात्यासाहेबांची माशी पलीकडच्या जांभळाच्या मुळीत अडकली. काळी लोकर, लाल दोरा. वर डोंगरात पाऊस झालेला. पाणी गढूळ व्हायला लागलं होतं. दोरा हातात धरून मुंजाबानं विचारलं, "तोडू का आणू, सर?"

तात्यासाहेब बोलले नाहीत. त्यांचं तसंच होतं. दुकानात दोन सदरे दाखवले तर माणूस घामेजायचा. माशी सुंदर होती. पाणी वाढत होतं. ते विचार करत राहिले, आणि गप्प राहणं म्हणजे आण, असं मुंजाबा समजला.

दुसऱ्या दिवशी सापडला, दोन मैल खाली.

तो आपणहून गेला, असं तात्यासाहेबांनी पंचनाम्याच्या वेळी सांगितलं.

डबी तेवढी त्यांच्या गाडीत राहिली होती. ती द्यायला वर्ष लागलं. आज खरं सांगायचंच, असं हर्सूलपासून घोकत गेले.

सारजाबाईनं चहा दिला. डबी उघडून बोटानं मोजलं. "अकराच हायेत." बारावी तिकडंच राहिली, असं तात्यासाहेबांनी सांगितलं. बाई डबीकडं पाहत राहिली.

"सर, एक इचारू? तुम्ही जा म्हनलात, का त्ये आपल्याच मनानं गेले?"

हीच वेळ होती. त्यांनी कप खाली ठेवला.

"आपल्याच मनानं," तात्यासाहेब म्हणाले.

बाईनं मान हलवली. डबी मिटून त्यांच्याच हातात दिली. इथं कोण मासे धरतंय, म्हणाली, लेकरं आकडे टोचून घेतील. तुम्हीच ठेवा.

परतताना त्या ओढ्यावरचा पूल लागतो. पावणेसात वाजले होते, चंद्र नव्हता. ती डबी काही त्यांना घरी नेववेना. गाडी कडेला लावली आणि मोबाइलच्या उजेडात खाली उतरले. मुंजाबा ज्या दगडावर बसून माशा बांधायचा, तिथं ठेवायची आणि निघायचं.

दगड सापडला. पाणी घोट्याएवढंच होतं. स्वच्छ.

मोबाइल विझला.

तात्यासाहेब उभे राहिले. रातकिडे ओरडत होते. मग थांबले.

डाव्या हाताला... एक पाऊल खाली... पाणी कुणाच्या तरी पायाला अडून वाहत होतं. तो आवाज वेगळा असतो. त्यांना ओळखीचा होता.

त्यांनी मान वळवली नाही.

ओल्या लोकरीचा वास आला.

"तोडू का आणू, सर?"

...

पाणी तसंच अडत होतं. कुणी घाई करत नव्हतं. कुणी रागावलं नव्हतं. नुसतं थांबलं होतं. वर्षभर थांबलं असावं तसं.

"तोड," तात्यासाहेब म्हणाले. "तोड, मुंजाबा. राहू दे ती."

पाणी मोकळं झालं.

वर कसे आले ते त्यांना आठवत नाही. हर्सूलला पोचले तेव्हा सव्वानऊ झाले होते. घरात कुणी नसतंच. दिवा लावला तेव्हा कळलं, डबी हातातच राहिलीय. बोटं एकेक करून सोडवावी लागली.

उघडली.

बारा.

बारावी काळ्या लोकरीची, लाल दोऱ्याची. तिला तोडलेला वीतभर दोरा होता, गाठीसकट.

सकाळी तात्यासाहेब पुन्हा देवगावला गेले आणि बाईला खरं सांगून आले. ती काय म्हणाली, ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

डबी त्यांच्या कपाटात आहे. इतके उन्हाळे गेले. माशा सगळ्या वाळून खडखडीत झाल्यात. ती एक गाठ तेवढी... बोट लावून बघा कधी. ओली आहे.