सहाला उठणारा माणूस

दिवे गेले होते. पोरं अंथरुणात वळवळत होती, तेव्हा आमच्या थोरल्या दिरांनी हे सांगितलं. मी पदरचं काही घालत नाही.

"माझा मित्र विद्युतदाहिनीवर कामाला. एका शनिवारी संध्याकाळी फ्यूज उडाला. बाजारात गेला, नवा आणला, बसवला. नऊ वाजून दहा मिनिटांनी शववाहिका आली. आत गप्पमास्तर."

"कोण गप्पमास्तर, काका?"

"शिंपी. माप घेतानाही तोंड उघडायचा नाही. बुद्धाच्या वाटेचं ध्यान करायचा. म्हणायचा, आधी विचार थांबतात, मग सुखसुद्धा गळून पडतं. पार तळाला गेलं की श्वासही थांबतो, पण माणूस मेलेला नसतो. बायकोला सांगून बसला, रविवारी सकाळी सहाला उठेन, तोवर मला हलवू नका."

"मग हलवला कशाला मेल्यांनी?" मी स्वयंपाकघरातून विचारलं.

"मास्तरच्या धाकट्या भावानं डॉक्टर आणला. श्वास नाही, नाडी नाही. मृत्यूचा दाखला झाला. मास्तरची बायको गाडीमागे धावत आली. मित्राला म्हणाली, 'दादा, एक रात्र थांबा. सहाला नाही उठले तर मी स्वतः बटण दाबते.' भाऊ म्हणाला, 'वहिनी, तमाशा पुरे. लोक हसतायत.' मित्रानं दाखला बघितला. सही होती, शिक्का होता. मास्तरची मांडी काही सुटेना. तसाच बसलेला आत सरकवला."

"आणि?"

"बटण दाबलं."

पोरांनी पांघरूण डोक्यावर ओढलं.

"आगीत मढ्याचं अंग आखडतं, हलतं. तिकडे लक्ष द्यायचं नाही, हे त्या कामात पहिल्या दिवशीच शिकवतात. आतून टकटक झाली. मित्र उठला नाही. परत झाली... मग थांबली."

"काका, पुरे..."

"भाऊ घरी गेला. बाई दाहिनीच्या दारात बसून राहिली. सहा वाजले. तिनं हाक मारली. 'अहो...'"

दिरांनी मांडी बदलली.

"मित्रानं राख डब्यात भरून तिच्यापुढे ठेवली. तिनं हात लावला. म्हणाली, 'अंग गरम आहे ह्यांचं.' तो म्हणाला, 'बाई, राख आहे ती. दुपारपर्यंत निवेल.'"

"निवली?" या वेळी मीच विचारलं.

"अकरा वर्षं झाली. डबा तिच्या घरी आहे. परवा मी हात लावून आलो..."

त्यांनी तळवा धोतराला पुसला.

"झोपलेल्या माणसाच्या पोटासारखा लागतो."