येते म्हणावं

२००४ साली इंग्लंडमध्ये, रीडिंग गावातल्या आमच्या ऑफिसात एका लायब्ररीचं काम आलं. चारपाचशे वर्षांपूर्वी इटलीतल्या बायकांनी लिहिलेली पत्रं. स्कॅन सिस्टिममध्ये मी चढवायचे, वाचायचे श्रद्धाने. श्रद्धा बेसिंगस्टोकच्या मराठी डॉक्टरांची मुलगी, जन्म इथलाच. इटालियन चोख, मराठीत मात्र तो-ती-ते यांची पार खिचडी.

“अनुयाताई, हा चिठ्ठी बघ ना,” एका सकाळी ती म्हणाली. “एक आई लिहिते तिच्या मुलीला. सगळं क्लार्ककडून लिहून घेतलाय. लास्ट लाइन फक्त आईचा, ओन हँडरायटिंग.”

मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. आईने तब्येतीचं लिहिलं होतं, घरातल्या पिठाचं, आणि कधी येतेस ते तीनदा विचारलं होतं. मला ते ऐकवेना. माझी आई नागपूरला दिवाळीपासून अंथरुणाला खिळलेली आणि मी दर महिन्याला तिकीट पुढे ढकलत होते. घरी सांगायला प्रोजेक्ट होता. खरं म्हणजे तिला त्या अवस्थेत बघायची मला भीती वाटत होती. लाजही वाटत होती, पण भीती जास्त.

“शेवटची ओळ काय आहे?”

“वियर्ड आहे. ‘तू बोलली, आय गो. बोलायचा असतो, आय कम.’ असं इटालियनमध्ये कोणी नाही बोलत. मीनिंगच नाही ना?”

आदल्या वर्षी जूनमध्ये नागपूरच्या घरून निघताना टॅक्सी हॉर्न वाजवत होती. “जाते गं,” मी वैतागून म्हटलं. दारातून आई म्हणाली, “येते म्हणावं.” मी मागे वळूनही पाहिलं नाही. तिथे आम्ही दोघीच होतो.

लंचला कार पार्कमधून फोन लावला. माझ्या धाकट्या भावाने, अनयने, रिसीव्हर आईच्या कानाशी धरला.

“तिकीट काढलंस?”

“पुढच्या महिन्यात नक्की, आई.”



“असू दे. जाते मी.”

आई असं कधीच म्हणत नसे. शेजारी साखर मागायला निघाली तरी ‘येते’.

“आई, येते म्हण. आई?”

“झोपली गं,” अनय म्हणाला.

चारच्या सुमाराला त्याचा फोन आला.

“ताई, आई गेली.”

बॅग घ्यायला मी डेस्कपाशी परतले. श्रद्धाला काहीच ठाऊक नव्हतं.

“ताई, लास्ट लाइनच्या खाली अजून आहे. सेम हँडरायटिंग. सकाळी हा नव्हता, आय स्वेअर.”

स्कॅन मीच चढवला होता. खाली कोरा कागद होता, मला आठवत होतं.

“काय लिहिलंय?”

“‘आला’.” ती स्क्रीनजवळ वाकली. “नाही. ‘आले गं मी.’”

पहिल्यांदाच श्रद्धाचं मराठी बिनचूक आलं होतं.

मी स्क्रीनकडे पाहिलं. तिथे एकच इटालियन शब्द होता. ‘गं’ कुठेच नव्हता.