आईचा कोपरा

सौनात भांडायचं नसतं, ही आईचीच शिकवण. म्हणूनच तर इर्या नेमकी तिथं घुसली! वाफेनं अंग शेकायच्या त्या लाकडी खोपटाचं दार ढकलून, अंगाला टॉवेल गुंडाळून, ती थेट वरच्या फळीवर, आईच्या कोपऱ्यात जाऊन बसली आणि आधीपासून आत बसलेल्या थोरल्या बहिणीच्या, हेल्मीच्या काळजात चर्र झालं... आईच्या दफनानंतर या पोरीनं घराकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

उत्तर टोकाचं अख्खं हॅनकॉक गाव हेल्मीला दुष्ट म्हणायचं. आईचं यकृत कर्करोग पोखरत होता, तेव्हा खाली दक्षिणेला विद्यापीठात धाकटी त्याच रोगावर ध्वनिलहरींचा मारा करून पाहत होती, आणि या बाईनं तिला एका शब्दानं कळवलं नाही. मायलेकींची शेवटची भेटसुद्धा चुकवली! बोलणाऱ्यांची तोंडं कोण धरणार, म्हणत हेल्मी मुकाट्यानं मांस-बटाटा भरलेल्या पेस्ट्या भाजत राहिली. आता तोच रोग तिच्या पोटात शिरला, तरी कुणापुढे हात पसरायचा नाही, हे तिनं ठरवून टाकलं होतं. शेजारणीनंच इर्याकडे चहाडी केली असणार.

इर्यानं तापल्या दगडांवर डावभर पाणी ओतलं. इथं आवाज चढवायची सोय नव्हती.

"आईचं लपवलंस. आता स्वतःचंही लपवणार?"

"लपवणार. आणि आईचं लपवलं त्याची माफीही मागणार नाही. तिनंच बजावलं होतं मला... पोरीला बोलावू नकोस, एकदा आली की माझ्या उशाशीच बसेल, हातातलं काम मोडेल. मग काय करू? तुझा राग घेतला पदरात."

 जिला इर्यानं एवढी वर्षं मनोमन शाप दिले, तिनं केवढं सोसलं होतं! इर्याचा हात बहिणीच्या उजव्या बरगडीखाली स्थिरावला.

"ते काम झालंय गं, हेल्मी. चिरफाड नाही, चटका नाही. नुसत्या ध्वनीच्या माऱ्यानं गाठीतल्या पेशी फुटून मरतात. परक्यांच्या गाठी फोडते मी, आणि तू इथं..."

"दया करायला आलीस?"

"दया कसली? आईनं ज्याच्यासाठी मला बोलावलं नाही, ते बघायला तरी चल."

 हेल्मीनं डाव उचलून दगडांवर आणखी पाणी ओतलं.

"येईन. पण मला उपचाराच्या टेबलावर झोपवताना रडलीस, तर उठून चालती होईन. आणि आईच्या जागेवर बसलीयस तू."

इर्या ओशाळून उठू लागली, तसं हेल्मीनं तिचं मनगट धरून तिला खाली बसवलं.

"बस. तुझ्यासाठीच मोकळी ठेवली होती."