धातू थांबत नाही

लीनहार्ट, दोन लाकडं टाक रे. आणि झोपच काढायची असेल तर घरी जा, इथे घोरलास तर साच्याला तडा जायचा. रात्रभर साचा वाळवत बसायचं म्हणजे काहीतरी बोलत राहावंच लागतं, म्हणून सांगतो. हसू नका. एंड्रेस फोग्टहेरला मी तीस वर्षं ओळखत होतो. अर्धी हकीकत त्यानेच सांगितली, अर्धी त्याच्या भट्टीवरच्या जोब्स्टने. दोघंही खोटं बोलणारे नव्हते. एकाला ते जमत नव्हतं आणि दुसऱ्याला त्याचा कंटाळा होता.

साल सोळाशे पस्तीस. नोव्हेंबरची दहा तारीख, संत मार्टिनच्या सणाची आदली रात्र. तटावर ठेवायच्या एका मोठ्या तोफेची ओतणी होती. भट्टी पहाटेपासून पेटलेली, साचा समोरच्या खड्ड्यात तोंड वर करून उभा पुरलेला. तांबं वितळलं होतं. ते ढवळायला वाळुंजाची ओली काठी लागते, आणि आणून ठेवलेल्या दोन्ही जळून गेल्या होत्या. म्हणून साडेनऊच्या सुमाराला एंड्रेस कोयता घेऊन स्वतःच नदीवर निघाला. दुसऱ्याने तोडलेली काठी त्याला पसंत पडायची नाही, असा खवट माणूस.

"मालक, लवकर या," जोब्स्ट म्हणाला. "अकराच्या आत धातू तयार होतोय."

"मग मी काय तिकडे नाचायला चाललोय?"

आता वर्षापूर्वीचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. साथीचं साल होतं ते. हीच तारीख, हीच भट्टी. नदीपलीकडे घरी एंड्रेसची बायको आपोलोनिया तापाने फणफणली होती. शेजारची कुनिगुंड म्हातारी धापा टाकत आली आणि दारातूनच म्हणाली, "एंड्रेस, चल बाबा. ती तुला विचारतेय."

धातू थांबत नाही, हे तुम्हाला मी काय सांगू. मालक तासभर बाजूला झाला की भट्टीतच गोठून दगड. साचा वाया, चार महिने वाया. एंड्रेस म्हणाला, "ओतून होऊ दे. येतो."

ओतून तो घरी पोचला, तेव्हा आपोलोनियाची हनुवटी फडक्याने बांधूनही झाली होती. तो स्टुलावर बसला. सूप आहे का, म्हणून विचारलं. प्यायला. डोळ्यांत टिपूस नाही. पुढच्याच आठवड्यात साथीने कुनिगुंडलाही नेलं. एंड्रेसने घराला कुलूप लावलं आणि भट्टीवरच झोपायला लागला. मी एकदा विचारलं, "रडलास तरी का रे?" तर म्हणाला, "येत नाही. थंडीत बोटं बधिर होतात ना, तसं सगळंच झालंय. टोचलं तरी कळत नाही." मला त्याची फार दया आली, पण करणार काय.

तर त्या रात्री काठी तोडून तो परत फिरला. नदीकाठचा रस्ता. धुकं. मागून लाकडी बुटांचा आवाज यायला लागला. टक... टक...

तो थांबला. आवाज थांबला.

तो चालू लागला. टक... टक...

भट्टीच्या दारात येऊन त्याने मागे पाहिलं. हातात कंदील घेऊन कुनिगुंड उभी होती. कंदील पेटलेला होता. पण उजेड तिच्या तोंडावर पडत नव्हता.

"एंड्रेस, चल बाबा. ती तुला विचारतेय."

तेच शब्द. तशीच धाप लागलेली.

भीती वाटायला हवी होती. तीही वाटली नाही. त्याच्या मनात एवढंच आलं, की म्हातारी वर्षभर उत्तरासाठी खोळंबलीय. ओतून होऊ दे... अगदी ओठांवर आलं होतं.

"मालक!" आतून जोब्स्ट ओरडला. "धातू आला!"

एंड्रेसने आत जाऊन काठी त्याच्या हातात कोंबली. "मी घरी चाललोय."

"घरी? आत्ता? डोकं फिरलंय का तुमचं? सगळा गोळा होईल! नगरसभेला काय तोंड दाखवणार?"

"हेच दाखवीन."

जोब्स्ट त्याच्यामागे दारापर्यंत धावला. एंड्रेसखेरीज त्याला बाहेर कुणी दिसलं नाही.

पुढे कंदील. मागे एंड्रेस. पूल... गल्ली... घर. दाराचं कुलूप निघालेलं. किल्ली तर त्याच्या गळ्यात होती.

कुनिगुंड खालीच थांबली. तो जिना चढला.

वर अंधार. अंधारात खाट. खाटेवर... श्वास. ओढलेला. खरखरणारा.

त्याने स्टूल जवळ घेतलं. हात पुढे केला.

कुणीतरी त्याची दोन बोटं धरली. हात गरम होता. तापाने भाजत होता.

त्याने बोटं तशीच राहू दिली.

अकरा वाजले... बारा... एक. श्वास लांबत गेला. आणखी लांब...

मग आलाच नाही.

बोटं मात्र लगेच सुटली नाहीत. मग तीही सुटली. त्याने खाट चाचपली. नुसत्या फळ्या. गादी तर साथीतच जाळली होती.

तो भट्टीवर परतला. धातूचा दगड झाला असणार हे धरूनच आला होता. गडी आडवे झाले होते. खड्ड्यात साचा काठोकाठ भरलेला.

"कुणी ओतलं?"

"कुणी म्हणजे?" जोब्स्ट डोळे चोळत उठला. "घेतलीय का मालक? तुम्हीच की. गेलात आणि पाव तासात परत आलात. कथील टाकलंत, पहार घेतलीत, भट्टीच्या तोंडाचं बूच फोडलंत. एक थेंब सांडला नाही." मग जरा घुटमळला. "बोलला मात्र नाहीत कुणाशी. आणि मालक... भट्टीपुढे एवढे उभे होतात, तुम्हाला घाम नव्हता."

एंड्रेसने सरळ हिशेब केला: म्हणजे मी इथेच होतो. डोळा लागला असेल, ते सगळं स्वप्नात पाहिलं. याही खेपेला मी गेलो नाही. मला हे सांगताना तो भिंतीकडे बघत होता.

आठवड्याने तोफ खड्ड्यातून काढून साचा फोडला. कुठे चीर नाही, भोक नाही. आपल्याकडे ओतणाऱ्याचं नाव तोफेच्या पाठीवर येतं, आणि ते तोफच बोलते, अमक्याने मला ओतलं. साचा करताना ती मेणाची अक्षरं, नावासकट, एंड्रेसने स्वतः लावली होती, जोब्स्टने डोळ्यांनी पाहिली होती. जोब्स्टने माती झाडली. साल निघालं. शहराच्या चिन्हातला गरुड निघाला. 'मला ओतलं' निघालं. नावाच्या जागी...

गुळगुळीत. खरवडल्याची खूण नाही, खळगा नाही. तिथे कधी काही नव्हतंच.

एंड्रेसने अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. आणि खड्ड्याच्या काठावर बसून त्याने हंबरडा फोडला, वर्षभराचा. जोब्स्टला वाटलं, नावासाठी रडतोय.

"अहो मालक, एवढं काय त्यात! दोन दिवसांत छिन्नीने कोरून देतो."

"हात लावू नकोस," एंड्रेस म्हणाला. "मी नव्हतो इथे. मी तिच्यापाशी होतो."

तोफ अजून पूर्वेच्या तटावर आहे. साल आहे, गरुड आहे, 'मला ओतलं' आहे. कुणी, ते नाही.