कपाटापाशी ओतलेलं पाणी

अकोल्याचे गोपाळकृष्ण आमच्या अमरावतीच्या वाचनालयात शिरले ते ओली छत्री झटकतच. शिंतोडे थेट माझ्या टेबलावर. वर हसले. मला राग आला... आणि का कोण जाणे, ते हसू पुन्हा बघावंसंही वाटलं.

माझ्या वडिलांनी, मोरोपंतांनी, आयुष्यभर एक साप्ताहिक चालवलं. दरवर्षी अंकांच्या दोन फायली बांधायचे: एक इथं, एक अकोल्याच्या वाचनालयात. एक गेली तरी दुसरी राहील. साठ साली बाबा गेले. त्यांचं म्हणून एवढंच उरलं होतं. आता अकोल्याच्या फायली आतून खाल्लेल्या निघाल्या, म्हणून आमच्या फायलींवरून नक्कल करून घ्यायला हे आले होते.

आमच्या शाबूत आहेत, असं मी तोऱ्यात सांगितलं आणि कपाट उघडलं. पुठ्ठे ताठ, सोनेरी अक्षरं जशीच्या तशी. पहिली फाईल उघडली आणि हात तिथंच थांबले. पानांच्या कडा अखंड, आणि मधे मातीचे नाजूक बोगदे. ना आवाज, ना वास! खरं सांगते, आधी थक्क झाले. मग रडू आलं.

"उधई," ते हळूच म्हणाले. वाळवीच ती. "पन दोन्ही गावी मोरोपंतांच्याच कपाटाले काहून लागली?"

आम्ही कपाट सरकवलं. भिंत कोरडी होती. फरशीच्या सांधी मात्र ओल्या. इथं रोज कोण पाणी सांडतं, त्यांनी विचारलं. मीच! सरस्वतीच्या तसबिरीपुढचं तांब्याभर पाणी रोज सकाळी कपाटाच्या पायाशी ओतायचं, ही बाबांची रीत. अकोल्याचं कपाटही त्यांनीच मांडून दिलेलं, आणि तिथंही हेच चालत आलेलं.

पुढच्या आठवड्यात ते बडनेऱ्याला गाडी बदलून अकोल्याच्या फायली ट्रंकेत घालून घेऊन आले. दोन्ही शेजारी ठेवल्या. आमच्या पानाला भोक, तिथं त्यांचं पान धड! बाबांचं वाक्य अमरावतीला सुरू व्हायचं आणि अकोल्याला पुरं व्हायचं. ते वाचायचे, मी लिहायची. मी चुकले की ते थांबायचे, आणि कधी कधी उगाचच थांबायचे...

असा सगळा पावसाळा गेला. काही पानं दोन्हीकडून गेली होती. तिथं त्यांनी कोरे कागद बांधले. गेलेलं लपवू नये म्हणाले.

शेवटच्या दिवशी ट्रंक भरता भरता ते म्हणाले, "दोन्ही फायली एका घरात ठेवायच्या नाईत. मानसायचं तसं नसते."

मला मान वर करवेना.

"मग सरस्वतीपुढचं पाणी आता कुठं ओतू?" मी विचारलं.

"आमच्या आंगनात जाईचा वेल हाये," ते छत्रीशी चाळा करत म्हणाले. "पानी कमी पडून राह्यलं त्याले... तुमी घालसान?"

मी तसबिरीपुढचा तांब्या उचलला, पदरानं पुसला, आणि त्यांच्या ट्रंकेत ठेवला.